सासऱ्यासाठी तळं

इलाईतियाचा सासरा बारा वर्षांत लेकीच्या घरी एकदाही जेवला नव्हता. जेवायला तो आलाच नव्हता म्हणा. म्हातारा ताइतूसी राहायचा कांदावू बेटावर, भर समुद्राकाठी, आणि इलाईतियाचं गाव नाकोरोतोलू पार डोंगरात. तिथं समुद्राचं नाव काढलं तरी लोक हसतात.

बारा वर्षांपूर्वी इलाईतिया शाळेची इमारत बांधायला सुतार म्हणून त्या बेटावर गेला. शाळा बांधून झाली आणि परत येताना होडीत उनाइसीही होती. कुणाला विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. मग रीतीप्रमाणे घरची मोठी माणसं देवमाशाचा दात घेऊन माफी मागायला गेली. म्हाताऱ्यानं दात घेतला, माफीही दिली. पण उठता उठता म्हणाला, "पोरगी दिली. पण ज्या घरात मासा डब्यातनं निघतो, त्या घरात मी घास घेणार नाही. हा माझा शब्द." झालं! कांदावूच्या माणसाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

उनाइसी यावर कधी अवाक्षर बोलली नाही. बाई हसरी, कामाला वाघ. पण मासळीचा डबा फोडायची वेळ आली की ती मागच्या पडवीत जायची आणि भिंतीकडे तोंड करून फोडायची. बारा वर्षं इलाईतिया तिची ती पाठ बघत आला होता, आणि दर वेळी त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अशात उनाइसीच्या भावाचा फोन आला. बाबांना डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळालीय सुवाच्या इस्पितळात, सहा महिन्यांनंतरची. तिकडं निघालो की आधी लेकीचं घर नीट बघून घेतो म्हणाले. बघायला येतील, जेवायचं मात्र नाव काढू नका.

"सहा महिने," इलाईतिया म्हणाला. "सेरूच्या आई, सहा महिन्यांत तळ्यातला मासा एवढा होतो." त्यानं तळहात पसरून दाखवला.

"कुठल्या तळ्यातला?"

"आपल्या."

"आपलं तळं कुठंय?"

"अगं, खणायचंय अजून!"

पैशाच्या नावानं शंख होता. पण मागून आणायला आमच्याकडे पैसा कशाला लागतो? फावडी एकाची, पहार दुसऱ्याची, गवत कापायचा कोयता चर्चच्या पाळकाचा. स्वयंपाकघरामागं, जिथून ओहोळाचं पाणी अळूच्या वाफ्यात जायचं, तिथं गावच्या बाप्यांनी दोन शनिवारांत कमरेएवढा खड्डा मारून दिला. उनाइसीनं उकडलेला कसावा आणि नारळाच्या दुधातलं अळू पातेलंभर रांधलं, तेवढीच मजुरी. संध्याकाळी ओहोळ वळवला, खड्डा काठोकाठ भरला. इलाईतियाची दहा वर्षांची लेक सेरूवाइया काठावर नाचली. सकाळी उठून बघतात तर तळाला चिखल आणि एक बेडूक.

खबर ऐकून सवेनाका आला. हा इलाईतियाचा आतेभाऊ, आणि आमच्याकडे आतेभाऊ-मामेभाऊ म्हणजे मेव्हणेच. एकमेकांना टोमणे मारणं हे त्यांचं कामच. तो काठावर उभा राहिला, डोकं खाजवलं, आणि म्हणाला, "मेव्हण्या, छान चाळण खणलीस रे. हिच्यात पीठ चाळ, मासे कशाला?"

"तुझं डोकं चाळून बघतो आधी. काही निघेल असं वाटत नाही."

"तळाला घालायचं जाड प्लॅस्टिक मिळतं शहरात."

"भाव विचारून आलो. एवढ्यात सासऱ्याला डोळ्यांसकट नवा करून आणता येईल."

मग चिकणमाती आठवली. नदीच्या वळणावर पिवळी, लोण्यासारखी माती होती. पोत्यांनी आणली, खड्ड्याच्या तळाला आणि कडांना वीतभर थापली. पण नुसती थापून भागत नाही. तुडवावी लागते, दिवसच्या दिवस, तिच्यातली भोकं बुजून ती एकजीव होईस्तोवर. दोन पायांचं काम नव्हे ते. इलाईतिया एक दिवस नाचला आणि दोन दिवस कंबर धरून बसला.

तेव्हा त्याला वेरेनिकी आठवला. वेरेनिकी म्हणजे इलाईतियाच्या बहिणीचा मुलगा, शेजारच्या गावचा, बैलासारखा गडी आणि तिथल्या रग्बी संघाचा कप्तान. त्यांच्या मैदानावर कुणीतरी गुरं बांधली होती, सराव बंद पडला होता.

"मामा, मैदान देतोस?"

"देतो. थोडं लहान आहे. थोडं खोलगट आहे."

तीन आठवडे रोज दुपारी त्या खड्ड्यात रग्बी झाली. बारा दांडगे गडी मातीत धडपडायचे, एकमेकांना उचलून आपटायचे. चेंडू कुठला आणि डोकं कुठलं हे कळायचं नाही. सगळं गाव काठावर. म्हाताऱ्या बाया चेकाळून ओरडायच्या, "अरे आपट त्याला! त्या कोपऱ्यात आपट, तिथं माती भुसभुशीत आहे!" उनाइसी इतकी हसली की तिला पोट धरून खाली बसावं लागलं. इलाईतियाला वाटलं, पाणी राहो न राहो, पैसे वसूल झाले. तेही न घातलेले.

पाणी राहिलं. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. बांबूची गाठ फोडून आत पाणी घ्यायला एक नळी केली, खाली पाणी सोडायला दुसरी, तिला लाकडाचं बूच. दोन्हींच्या तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. कोंबड्यांची विष्ठा पोत्यात भरून कोपऱ्यात बुडवली, तसं पाणी हिरवं होत गेलं. रोज सकाळी सेरू त्यात कोपरापर्यंत हात घालायची. बोटं दिसेनाशी झाली की पाणी मासे सोडण्याजोगं झालं, हे तिनं मत्स्यबीज केंद्रातल्या साहेबांकडून ऐकून ठेवलं होतं.

दोनशे पिल्लं आणली, तिलापियाची, काडीएवढी. हवा भरलेली ती प्लॅस्टिकची पिशवी इलाईतियानं मालट्रकच्या फळीवर चार तास मांडीवर धरली, बाळंतिणीच्या बाळासारखी. घरी पोचल्यावर त्याला धीर कुठला! गाठ सोडायला लागला तर लेक खेकसली.

"बाबा! आधी पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची. त्यांना गारवा बाधतो. ऐकलं नाहीत का तुम्ही?"

"ऐकलं होतं गं."

"मग?"

"मग काही नाही. बसतो."

बापलेक तासभर काठावर पिशवीकडे बघत बसले. मग सोडली.

पुढचे महिने घरात दुसरा विषय नव्हता. सेरू वारुळं फोडून वाळवी आणायची, उनाइसी नारळाचा चोथा टाकायची, सवेनाका येऊन "माझ्या वाट्याचे मासे कसे आहेत?" म्हणून चौकशी करून जायचा. फोन आल्यापासून पाचव्या महिन्यात मासे तळहाताएवढे झाले आणि पावलाच्या आवाजानं वर यायला लागले. त्यांना आणखी पिल्लंही झाली. उनाइसी संध्याकाळी काठावर बसायची आणि हळूच म्हणायची, "बाबांना हा चालेल. हा नको, हा बारीक आहे. तो बघा, तो चालेल."

म्हातारा यायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी भर दुपारी, रस्त्यावरून गाणं ऐकू आलं. वेरेनिकीचा संघ जिल्ह्याचा चषक जिंकून आला होता. बारा गडी, गळ्यात फुलांचे हार. इलाईतिया धावत सामोरा गेला, भाच्याला मिठी मारली. उनाइसी आणि सेरू शेतावर होत्या. वेरेनिकी सरळ तळ्यावर गेला, खालच्या नळीच्या बुचावर हात ठेवला आणि हसत म्हणाला, "मामा, हे मासे माझे. पोरांना जेवण घालायचंय."

आता हे विचारणं नव्हे. बहिणीचं मूल म्हणजे वासू. त्यानं मामाच्या दारातल्या वस्तूवर हात ठेवून "माझी" म्हटलं की ती त्याची. नाही म्हणायची सोय नाही, तोंड वाकडं करायचीही नाही. केलं तर बहिणीचा अपमान, सगळ्या कुळाची शोभा. इलाईतियानं स्वतः विसाव्या वर्षी आपल्या मामाचा घोडा असाच खोगिरासकट आणला होता, आणि मामा हसत हसत वेशीपर्यंत चालत पोचवायला आला होता. करावं तसं भरावं, दुसरं काय!

सासऱ्याचं उद्याचं पान त्याच्या डोळ्यांसमोर आलं. पण तो हसला. हसला आणि टोपली धरून उभा राहिला. बूच निघालं, पाणी गेलं, गड्यांनी मोठे मासे वेचून घेतले, पिल्लं तेवढी डबक्यात राहिली. तळं पुन्हा भरायला सोडून, गात गात मंडळी निघून गेली.

उनाइसी आली. तिनं तळ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. फारसं विचारावं लागलं नाही.

"वेरेनिकी?"

"हं."

"हसलात ना त्याच्यासमोर?"

"हसलो."

"बाबा उद्या येणारेत, हे नाही ना सांगितलंत त्याला?"

"नाही."

"बरं केलंत. पोराच्या घशात काटा अडकला असता." मग ती घरात गेली आणि फळीवरचा मासळीचा डबा काढून तिनं फडक्यानं पुसून ठेवला, उद्यासाठी. इलाईतियाला रडू आवरेना. तो ओहोळाच्या पाण्याखाली तोंड धरून उभा राहिला.

सेरू त्याच्या मागं येऊन उभी होती. "बाबा, वेरेनिकीदादा आपला वासू. मग मी कुणाची?"

"कांदावूची. तुझ्या आईच्या माहेरची."

"तिथलं काहीही मी घेऊ शकते?"

"काहीही. जा, एखादं जहाज घेऊन ये," इलाईतिया नाक पुसत म्हणाला.

शनिवारी म्हातारा आला. ताठ, पांढऱ्या मिशा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, काखेत माडाच्या झावळीची झाकणाची टोपली. नातीला त्यानं पहिल्यांदाच बघितलं. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून, अगदी नाकाजवळ नेऊन बघितला. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. रीतीची यांगोनाची मुळी देऊन झाली, ती कुटून केलेल्या पेयाची वाटी फिरली. मग म्हणाला, "तळं केलंय म्हणे."

सगळे मागं गेले. म्हाताऱ्यानं पाण्यात हात घातला, बोटं चाखली.

"माती तुडवलीय चांगली. मासे?"

"काल भाच्यानं नेले," इलाईतिया खाली बघत म्हणाला.

"सगळे?"

"मोठे सगळे."

"मग तू काय केलंस?"

"टोपली धरली."

म्हाताऱ्याच्या मिशा जरा हलल्या. "बरोबर केलंस," एवढंच म्हणाला.

पण शब्द तो शब्द. चटई अंथरली, पानं मांडली. अळू, कसावा, आणि मधोमध वाडग्यात कांदा घालून डब्यातली मासळी. म्हातारा मानाच्या जागी बसला आणि त्यानं आपली टोपली पुढं ओढली. घरून आणलेले कंद आणि धुरावलेला मासा. लेकीच्या घरात स्वतःची शिदोरी! सवेनाकासारखा तोंडाळ माणूस, तोही पानात बघत बसला. माश्या वारायचा उनाइसीचा पंखा थांबला.

टोपलीवर एक चिखलाचा हात पडला.

"आजोबा, ही माझी," सेरू म्हणाली.

"काय?"

"मी कांदावूची वासू आहे. ही टोपली मी घेतली." आणि तिनं ती उचलून पाठीमागं ठेवली.

सवेनाका फुटलाच. "घ्या! खेळ खलास!" म्हणून तो मांड्या बडवायला लागला. म्हाताराही हसला, भरदार, खोकला येईस्तोवर. मग डोळे पुसत म्हणाला, "घेतलीस, तुझी झाली. मी उपाशी राहतो एक दिवस. पण पोरी, डब्यातला मासा मी या घरात खाणार नाही. माझा शब्द आहे तसा."

"कुठाय?"

"काय कुठाय?"

"शब्द."

म्हाताऱ्यानं छातीवर बोट ठेवलं. "इथं. बारा वर्षं झाली."

सेरू गुडघ्यांवर सरकत पुढं गेली आणि तिनं त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, बोट होतं तिथंच, आपला हात ठेवला.

"हा पण माझा," ती म्हणाली. "मी घेतला."

म्हातारा त्या पोरीकडे बघत राहिला, नीट दिसत नव्हती तरी बघत राहिला. वासूनं घेतलेलं परत मागता येत नाही. तोंडही वाकडं करता येत नाही. हे त्याला कुणी सांगायला हवं होतं?

"काय करशील त्याचं?" त्यानं हळू विचारलं.

"तळ्यात टाकीन. पिल्लं खातील."

म्हाताऱ्याचा हात वाडग्याकडे गेला. त्यानं एक तुकडा उचलला, तोंडात घातला, चावला. चवीनं चावला की नाही देव जाणे, पण गिळला. सगळे बघत होते. इलाईतियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

"मीठ फार आहे," म्हातारा म्हणाला, आणि वाडगा रिकामा करून त्यानं लेकीपुढं धरला. "आणखी आहे?"

उनाइसी उठली, फळीवरून दुसरा डबा काढला. पडवीत गेली नाही. तिथंच बापासमोर मांडी घालून बसली आणि सगळ्यांच्या देखत तिनं तो फोडला.