कल्हई उडालेली कढई

मित्रांनो, तुर्कस्तानातल्या सिवास शहरात मुकद्देरबाईंच्या बैठकीत, दारासमोरच्या भिंतीवर दोन कानांची तांब्याची कढई टांगलेली आहे ना, ती मी. येणारेजाणारे माझं तोंडभरून कौतुक करतात. मला मात्र त्या कौतुकाने रडूच येतं. भांड्याची जागा चुलीवर असते, खिळ्यावर नाही.

तांबटाने मला ठोकून घडवलं, आतून पांढरीशुभ्र कल्हई केली आणि मी मुकद्देरच्या रुखवतातून या घरात आले. तिचा नवरा हालिस लांबच्या गावांना बस न्यायचा. तो घरी परतायचा तेव्हा गल्ली झोपलेली असायची. मुकद्देर जागीच असे. बूट काढल्याचा आवाज आला की ती मला गॅसवर चढवी. लोणी, हिरवी मिरची, किसलेले टोमॅटो आणि वर चार अंडी. त्याला आमच्याकडे मेनेमेन म्हणतात. मग मलाच मधे ठेवून दोघं पावाच्या तुकड्याने माझ्यातूनच खात. वेगळ्या ताटल्या कधी निघाल्याच नाहीत.

"आजही कांदा नाही घातलास?" हालिस विचारायचा.

"मेनेमेनमध्ये कांदा घालतं का कुणी शहाणं माणूस?"

"आमची आई घालायची."

"मग तिच्याकडेच जायचं होतं जेवायला!"

"अगं, ती वर गेली. इतक्यात पाठवतेस की काय मला?"

"गप खा हो. तोंडाला काही धरबंध?"

माझ्या आयुष्यातलं सगळं सुख त्या भांडणात होतं.

दरवर्षी थंडीच्या तोंडावर हालिस मला फडक्यात बांधून कल्हईवाल्याकडे न्यायचा. टोमॅटो आंबट, तांब्याला लागला की कळकतो, हे त्याला ठाऊक होतं. पण या कामाचा त्याने कधी गाजावाजा केला नाही. मुकद्देरला वाटे, कढई काय, आपली आपणच पांढरी राहते!

एका हिवाळ्यात हालिस झोपेतच गेला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे गेलेल्याच्या नावाने घरात हलवा भाजला गेला, शेजारणींनी डबे आणले, मग सगळे आपापल्या घरी परतले. मुकद्देर माझ्याजवळ बसून राहिली. नवऱ्याला लख्ख भांडं आवडायचं म्हणून ती मला रोज रात्री तारेच्या घासणीने घासू लागली. घासता घासता कल्हई निघून गेली आणि पोटातलं तांबं उघडं पडलं.

"बघ, कशी सोन्यासारखी झालीस," ती म्हणाली.

मला ओरडून सांगायचं होतं, बाई, थांब! पण भांड्याला कान देतात, जीभ देत नाहीत.

बरेच दिवस ती धड जेवली नव्हती. एका रात्री तिने मला पुन्हा गॅसवर ठेवलं. टोमॅटो, मिरची, आणि त्या रात्री कांदासुद्धा चिरला. अंडी मात्र सवयीने चारच फोडली. एकटीला संपणार कसं? अर्धं माझ्यातच उरलं. अन्न टाकणं तिच्या जिवावर यायचं. झाकण ठेवून ती निजली. रात्रभर ते माझ्यात कळकत राहिलं आणि सकाळी तिने तेच पावाबरोबर खाल्लं.

तिला इतक्या उलट्या झाल्या की इस्पितळात न्यावं लागलं. मित्रांनो, ज्या हातांनी मला जपलं, त्यांनाच मी विष वाढलं.

मुकद्देर वाचली. तिची लेक नेवीन धावत आली. मला पाहून तिने कपाळावर हात मारला. "आई, कल्हई कधी केली होतीस हिला?"

"मी? ते तर तुझे बाबा..." कढई आपली आपणच पांढरी राहत नव्हती, हे मुकद्देरला तेव्हा उमगलं.

नेवीन मला भंगारात देणार होती. आईने मला उराशी धरलं, म्हणून खिळा ठोकला गेला. आता नेवीन रात्री फोन करते, "आई, जेवलीस ना?" मुकद्देर म्हणते, "हो गं, पोटभर." मला भिंतीवरून दिसतं. ती उभ्या उभ्या चहात बिस्कीट बुडवते आणि दिवा मालवते.

मित्रांनो, घरातलं माणूस गेलं की ते गुपचूप कोणकोणती कामं करायचं, ते शोधा आणि हाती घ्या. कल्हईवाला अजून बाजारात बसतो. मी एका दिवसात पुन्हा पांढरी होईन. पण तेवढ्याने भागणार नाही. तुमच्या घरात, शेजारात कुणी एकटं जेवत असेल, तर फोनवर विचारू नका. भूक नसली तरी जा, समोर बसा आणि त्याच्याच भांड्यातून दोन घास खा.