सामानाशेजारी आम्ही दोघी

मित्रांनो, मी एक जुनी चाकाची खुर्ची आहे आणि मी रागावलेली आहे. गोडगोड बोलणं आज माझ्याकडून होणार नाही.

कारखान्यात नळ्या वाकवून मला घडवलं. कारागिराने एकदा ढकलून पाहिलं आणि म्हणाला, "काय झकास चालतेय!" आयुष्यात एवढीच काय ती स्तुती वाट्याला आली. पुढे दवाखान्यात वर्षानुवर्षं राबले. चाक कुरकुरू लागलं, तशी मला अडगळीत टाकून माझ्यावर बादल्या रचल्या. तिथून मला एकाने आपल्या आईसाठी घरी आणलं. तिचे गुडघे कामातून गेले होते.

या बाई नाटकांचे पोशाख शिवायच्या. माहेर दूर डोंगरात, पण उमेदीची वर्षं त्यांनी एका मोठ्या शहरातल्या नाट्यगृहात काढली. म्हातारपणी मुलाकडे परमुलखात आल्या, तरी एकच ध्यास होता. एकदा माहेर बघायचं आणि मग ते शहर मनसोक्त हिंडायचं. अखेर मुलगा आणि सून त्यांना घेऊन निघाले. मीही निघाले. केवढी हरखले होते मी!

माहेरच्या घराला पायऱ्या होत्या.

"आत्याला अंगणातच बसू दे, ऊन छान पडलंय," भाचा म्हणाला.

आत पंगत बसली, हसणं-खिदळणं सुरू झालं. बाहेर आम्ही दोघी. ज्या घरात जन्मल्या, त्याच घराच्या दारात बाई परक्यासारख्या. मग त्यांची वहिनी ताट घेऊन बाहेर आली आणि बाईंच्या डोक्यावरून तिने दारात आलेल्या त्यांच्या मुलाला विचारलं, "ताईंना तिखट चालतं का रे?"

"वहिनी, गुडघे गेलेत माझे, जीभ नाही!" बाई कडाडल्या.

आतले सगळे खो-खो हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मित्रांनो, तो विनोद नव्हता!

शहरात तर कहरच झाला. हॉटेलात पोचताच मुलगा म्हणाला, "आई, तू दमशील. जरा सामानावर लक्ष ठेव, आम्ही फिरून येतो." खटकन माझा ब्रेक लावला आणि दोघं गेले. शहर बाईंचं आणि फिरायला हे! बॅगांच्या शेजारी आम्हीही दोन बॅगा.

बाई बराच वेळ काचेबाहेर बघत राहिल्या. मग त्यांनी बॅगा काउंटरवरच्या मुलीच्या हवाली केल्या आणि माझा ब्रेक सोडला. "चल गं बये," मला म्हणाल्या. अशी हाक मला कुणी कधी मारली नव्हती.

जुना पूल, नदीवरचा वारा, फुलांची दुकानं! "इथून रेशमी दोरा न्यायचे मी," बाई सांगत होत्या, आणि चाकं फिरवून तळहात लाल झाले तरी हसत होत्या. पुढे फुटपाथवर चाकं चढवायच्या उतारावर नेमकी एक मोटार आडवी उभी. बाईंनी बॉनेटवर थाप मारली.

"दोन मिनिटं हो आजी," आतला माणूस म्हणाला.

"तुझी दोन मिनिटं जातात, माझा जन्म जातोय. काढ आधी!"

मागून भोंगे वाजत होते. बाई तसूभर हलल्या नाहीत. मोटार हलली.

नाट्यगृहासमोर पायऱ्यांचा डोंगर. बाईंनी मला मागच्या गल्लीत वळवलं. तिथे नेपथ्य आत न्यायचं रुंद, सपाट दार होतं. "राजाचं सिंहासन इथून आत जायचं, मग आपल्याला कोण अडवतं?"

दारावरची पहारेकरीण वाकून थेट बाईंशीच बोलली, "मावशी, कुणाला भेटायचंय?"

"रंगमंचाला," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. त्या संध्याकाळी आम्ही पडद्याआडून अख्खी तालीम पाहिली.

परतलो तर मुलगा लालबुंद. "आई, काही झालं असतं म्हणजे? जीव टांगणीला लागला आमचा!"

"मला सामानाजवळ सोडून गेलास, तेव्हा नाही लागला?"

सून पुढे आली, माझ्यासमोर उकिडवी बसली. "उद्या कुठं जायचं, आई?"

"मी म्हणेन तिकडे. आणि चढावर हा ढकलेल."

त्याने ढकललं. उरलेले सगळे दिवस, बाई म्हणतील तिकडे ढकललं. पण माझा राग अजून गेलेला नाही, कारण असे उंबरे आणि अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. मित्रांनो, माझ्या चाकांना तेल घाला. उतारावर गाड्या लावू नका. कौतुक नको, कीव तर मुळीच नको. खुर्चीतल्या माणसाला काही विचारायचं असेल, तर त्यालाच विचारा. माझ्यामागे उभ्या असलेल्याला नव्हे!