मागे घेतलेली तारीख

मित्रांनो, मी एक जुनी ट्रायल आवृत्ती आहे. म्हणजे वापरून बघा आणि आवडली तर विकत घ्या, अशी फुकट दिलेली वस्तू. फळवाला खरबूज विकण्याआधी सुरीच्या टोकावर एक फोड पुढे करतो ना, ती फोड म्हणजे मी. माझ्यात लोक प्रोग्राम लिहितात. कुठे कंस बंद करायचा राहिला की मी त्याखाली लाल रेघ ओढते, सगळे बरोबर असले की प्रोग्राम चालवून दाखवते. दाखवत असे, म्हणायला हवे. आता मी एका जुन्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात पडून आहे आणि कोणी उघडलेच तर ‘मुदत संपली’ एवढेच म्हणते.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथली माणसे दिवसभर कानाला हेडफोन लावून बसत आणि भांडायचे असले तरच ते काढत. सगळ्यात मोठे भांडण आमच्या किमतीवरून झाले. विक्रीवाले म्हणत, कंपन्यांना एक दर, एकट्या माणसाला दुसरा, वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्याला तिसरा. तिथे चुका शोधणारी एक बाई होती. ती म्हणाली, "आणि घरी बसून शिकणाऱ्यांचं काय? त्यांनी काय नुसतं आपल्या तोंडाकडे बघत बसायचं?" ती हटूनच बसली. शेवटी आम्ही तिघी बहिणी झालो. थोरली पैसे भरणाऱ्यांची. धाकटी शिकणाऱ्यांची आणि घरगुती कामाची, कायमची फुकट; फक्त नाव नोंदवायचे. मधली मी. माझ्यात थोरलीचे सगळे गुण घातले आणि पोटात एका महिन्याची मुदत ठेवून दिली. मुदत संपत आली की मी दरांची पाटी दाखवायची, असे ठरले. धाकटीबद्दलची ओळ त्या पाटीच्या अगदी तळाला, फिकट अक्षरांत लिहिली. विक्रीवाल्यांना ती ठळक नको होती, हे वेगळे सांगायला नकोच.

मला घरी नेले ते एका ताईने. ती छापखान्यात मजकूर जुळवायची आणि संध्याकाळी प्रोग्राम लिहायला शिकायची. तिची आई कपडे शिवत असे, पण सगळ्यांचे नव्हे. ज्यांना तयार कपडे बसत नाहीत अशी माणसे तिच्याकडे येत. कोणाचा एक खांदा उतरलेला, कोणाच्या पाठीला बाक, कोणाचा हात अपघातात आखडलेला. आई त्यांना समोर उभे करी, टेप फिरवी, डोळे बारीक करी आणि कापडावर खडूने रेघा ओढी. कोट अंगात घातला की बाक कुठे गेला ते त्या माणसालाच कळत नसे. कापड असे बेतायची ही विद्या तिने कुठेच उतरवून ठेवली नव्हती. सारे तिच्या बोटांत होते, आणि आई आता विसरू लागली होती. आधी चष्मा, मग शेजारणीचे नाव, मग दुधाखालचा गॅस. डॉक्टरांनी सांगितले होते की हे वाढतच जाणार.

म्हणून ताईला घाई होती. मापे घातली की आईच्या पद्धतीने कापडाचा बेत काढून देणारा प्रोग्राम तिला लिहायचा होता. कामावरून आली की ती आईची खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढी.

"आई, खांदा उतरता असला तर त्या बाजूचा बाहीचा मुंढा किती खाली घ्यायचा?"

"किती म्हणजे? आधी त्याला हसव. हसला की खांदा सुटतो, मग माप घे. तोवर तो ताठून उभा असतो."

"अगं, हसणं मी प्रोग्राममध्ये कसं घालू?"

"ते तू बघ बाई. यंत्र तुझं आहे."

दोघी हसत सुटल्या. पण ताई पक्की होती. माप घालायच्या चौकटीच्या वर तिने खरेच दोन शब्द लिहिले : आधी हसवा. मी लाल रेघ ओढली नाही. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

महिना सरत आला आणि मी पाटी दाखवली. दर वाचून ताईचा चेहरा उतरला. तिचा धाकटा भाऊ शेजारीच बसला होता. त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते आणि घरातले कुठलेही यंत्र अडले की त्यालाच हाक मारत. ताई पाटीच्या तळापर्यंत गेली.

"हे बघ रे, घरगुती कामाला फुकट आहे म्हणे. नाव नोंदवायचं फक्त."

"फुकट कोण देतंय ताई? नाव दिलंस की पाठीमागे लागतील. सरक, तुला गंमत दाखवतो."

त्याने कॉम्प्युटरची तारीख एक महिना मागे घेतली. झाले! मी पुन्हा नवी कोरी. आमच्या काळात तारखेची कोणी उलटतपासणी करत नसे. "आहे की नाही डोकं?" भाऊ म्हणाला, आणि आईने कौतुकाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच्यावर मी रागावू शकत नाही. ताईने आयुष्यात त्याच्याकडे कधी काही मागितले नव्हते, आणि तिला काहीतरी देता आले याचाच त्याला आनंद होता.

मग हे दर महिन्याला होऊ लागले. बाहेर स्वेटर निघाले, पुन्हा कपाटात गेले, पंखे फिरू लागले. माझ्या लेखी तोच एक महिना चालू होता. अशाच एका महिनाअखेरीला ताईने प्रोग्रामची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली. दुसऱ्या दिवशी भावाने तारीख मागे घेतली आणि त्यानंतर आईचे दिवस अचानक चांगले गेले. बाक आलेली पाठ, आखडलेला हात, उतरता खांदा, सगळे तिने सांगितले, आधीचे चुकलेले दुरुस्त करून घेतले. ताई लिहीत गेली. या चांगल्या दिवसांतल्या कामावर तारीख मात्र त्याच महिन्याच्या सुरुवातीची पडत होती.

मग कॉम्प्युटर फार हळू चालू लागला म्हणून भाऊ साफसफाईला बसला. पेन ड्राइव्हवरचे आणि कॉम्प्युटरवरचे सगळे त्याने एका जागी आणायला घेतले. कॉम्प्युटरने विचारले, दोन्हीकडे एकाच नावाची फाइल आहे, कोणती ठेवू? भावाने सांगितले, नवी असेल ती. आणि तारखा बघून कॉम्प्युटरने महिनाअखेरीची फाइल ठेवली. म्हणजे जुनी. आईने मन लावून सांगितलेले सगळे तिच्याखाली पुसले गेले. पेन ड्राइव्हवरही तीच होती. मित्रांनो, मला ओरडून त्याला थांबवायचे होते. पण मला बोलायला लाल रेघच तेवढी येते, आणि फाइलमधले एकही अक्षर चुकीचे नव्हते.

ताईला कळले तेव्हा ती ओरडली नाही. तिने फक्त खुर्ची ओढली. "आई, पाठीला बाक असला तर मागची लांबी कशी धरायची गं?"

आईने तिच्या पाठीकडे पाहिले. "कोणाची पाठ?" ती म्हणाली. "तुझी दुखतेय का?"

भाऊ दारात उभा होता. त्या रविवारी तो एकटा कॉम्प्युटरपुढे बसला आणि त्याने तारीख होती तशी, खरी लावली. एका क्षणात इतके महिने माझ्यातून गेले की मी तिथेच संपले. माझी पाटी तेवढी पडद्यावर उरली. त्याने ती तळापर्यंत वाचली, ओठ हलवत, दोनदा. मग नाव नोंदवले आणि माझ्या धाकट्या बहिणीला घरात आणले. त्याचा चहासुद्धा निवला नव्हता.

मित्रांनो, माझ्यासारखी फुकटची वस्तू जरूर वापरा, त्यासाठीच तर मी जन्मले. पण माझी मुदत संपली की मला जाऊ द्या. पैसे नसतील तर पाटी तळापर्यंत वाचा. तुमच्यासाठी कोणीतरी कधीतरी भांडलेले असते. आणि ज्यांच्याकडून काही शिकायचे आहे त्यांच्याजवळ आजच जाऊन बसा. त्यांच्या महिन्याची तारीख कोणालाच मागे घेता येत नाही.

ताईने पुसले गेलेले सगळे पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतले आहे. परवा ती माप घ्यायला उभी राहिली होती. दिवसभर दुकानातल्या टेबलावर वाकून भावाचा उजवा खांदाही आता उतरला आहे, म्हणून तिने त्यालाच समोर उभे केले होते. तो मान खाली घालून ताठ उभा होता. खुर्चीतून आई बघत होती.

"अगं," ती एकदम म्हणाली, "आधी त्याला हसव."

ताईने टेप खाली केली. दोघींनी त्याच्याकडे पाहिले. भावाने प्रयत्न केला, पण त्याला काही हसता येईना.