फेक्याचा हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे. थंडीत घालायचा नव्हे, मित्रांनो. बहारीनमध्ये माझ्या उबेचं कुणाला कौतुक! मी बेसबॉलचा, जाड कातड्याचा. समोरून भरधाव आलेला चेंडू झेलायचा, एवढंच माझं काम.

माझे पहिले मालक डॉयलसाहेब अमेरिकेत चेंडूफेक शिकवून पोट भरत. सत्तरच्या दशकात ते इथे, मनामातल्या एका बेसबॉल क्लबाचे प्रशिक्षक झाले आणि मीही त्यांच्याबरोबर आलो. शेजारच्या मैदानावर आपली माणसं क्रिकेट खेळत. वसईचा ग्रेगरी तिथे गोलंदाज होता. चेंडू टाकताना त्याचं कोपर वाकायचं. पंच 'नो बॉल' ओरडायचे आणि सगळे चिडवायचे, "फेकू नको रे, फेक्या!" बिचारा कानकोंडा व्हायचा.

एका शुक्रवारी डॉयलसाहेबांनी त्याला हाक मारली, मला हातात चढवलं आणि खुणेनेच सांगितलं, फेक. ग्रेगरीने फेकला. 'ठप्प!' साहेब हसतच सुटले. तिकडे ज्या कोपराने नाक कापलं होतं, त्याचंच इकडे कौतुक झालं.

पुढे त्याला सगळा खेळ शिकवून साहेब मायदेशी परतले. त्यांची जागा ग्रेगरीला मिळाली, आणि मीही त्यालाच मिळालो. हॉटेलातली नोकरी सोडून तो पगारी प्रशिक्षक झाला, व्हिसासुद्धा क्लबाचाच. ते माझे सुखाचे दिवस. त्याची बायको अ‍ॅलिस मला खोबरेल तेल चोळायची आणि कुरकुरायची, "माझ्या केसांना उरू दे थोडं!"

ग्रेगरीचा लाडका शिष्य होता रत्नागिरीचा नझीर, अस्करच्या कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. त्याचा चेंडू आला की माझा तळवा झिणझिणायचा. त्याच्याच जिवावर आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. क्लबाच्या मॅनेजरने ग्रेगरीला बजावलं होतं, "कप नाही, तर नोकरी खलास."

सामन्याआधी सराव सुरू झाला. नझीरने चेंडू फेकला. 'ठप्प' झालंच नाही, नुसतं 'फस्'. मला कळलं, ग्रेगरीलाही कळलं.

"खांदा दुखतोय?"

"मफी, मास्तर. काय नाय झालेलं."

"हात वर कर."

हात कानापर्यंतही पोचेना. नझीर काकुळतीला आला. "एकच मॅच हाय, मास्तर. तुमच्या नोकरीचा सवाल हाय."

"नोकरीचं मी बघेन. त्या हातावर तुझं घर चालतं." ग्रेगरीने चेंडू खिशात टाकला. "फेकू नको."

जे शब्द त्याला जन्मभर टोचले, तेच आज त्याच्या तोंडून निघाले. मला फार वाईट वाटलं, आणि त्याचा अभिमानही वाटला.

आम्ही हरलो. क्लबाने आपला शब्द खरा केला. ग्रेगरीने झल्लाकच्या एका हॉटेलात काम धरलं आणि मी त्याच्या जिदहफ्सच्या खोलीत कपाटावर जाऊन पडलो. धूळ साचली, कातडं तडकलं, तेल बंद झालं. मी ग्रेगरीवर रुसलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग एका शुक्रवारी सकाळी खोबरेलाचा ओळखीचा वास आला. ग्रेगरी मला झल्लाकच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. समोर नझीर उभा होता. खांदा बरा झाला होता, पण मनातली भीती गेली नव्हती.

मित्रांनो, माझ्यासारखं कातडं तडकलं तर त्याला तेल चोळता येतं. माणसाच्या हाताचं तसं नसतं. तो दुखला तर लपवू नका, आणि मायेने कुणी थांबवलं तर त्याच्यावर रागावू नका.

ग्रेगरी वाळूत गुडघ्यांवर बसला. मला पुढे धरून सगळा किनारा ऐकेल असा ओरडला, "यल्ला, नझीर! फेक!"

ठप्प!