दांडा कुठे सरकला

माझ्या थोरल्या मुलीला, वायेकाला, जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. लढाई थांबून तिसरा पाऊसकाळ लागला होता आणि बायलुंडू शहराच्या वरच्या अंगाला आमचं गाव पुन्हा गावासारखं दिसायला लागलं होतं.

त्याच पाऊसकाळात माझ्या भावाचा मुलगा आडेलिनो राजधानीतून, लुआंडाहून आला. भाऊ लढाईत बायकोपोरं घेऊन समुद्राकडे पळाला होता आणि तिकडेच वारला. पोरगा तिथल्या गल्लीत वाढला. शहरात आमची उंबुंडू बोललं की लोक संशयानं बघायचे, म्हणून भावानं घरातसुद्धा ती बोलणं सोडलं होतं. त्यामुळे आडेलिनो बावीस वर्षांचा झाला तरी त्याला बापाची भाषा येत नव्हती. यायची ती पोर्तुगीज.

तो राहिला माझ्या थोरल्या बहिणीकडे, ना-लुसाटीकडे. लुसाटीची आई म्हणून ना-लुसाटी, जसा वायेकाचा बाप म्हणून मी सा-वायेका. लुसाटी लढाईत गेला, पाठचे तिघेही गेले. नाव तेवढं राहिलं.

तिनं त्याला शिकवायला घेतलं. चुलीजवळ बसवायची आणि एकेक शब्द द्यायची.

"ओंडालू," विस्तवाकडे बोट दाखवून म्हणायची.

"ओंडालू."

"अरे, तान्ह्या पोरासारखा बोलतोस. दात तरी आलेत का तुला?"

"दात आहेत आत्या, जीभ नवीन आहे," हे तो पोर्तुगीजमध्ये म्हणायचा. मी तिला सांगितलं की ती हसायची. चार पोरं गेल्यावर मी तिला हसताना प्रथमच बघत होतो.

फेब्रुवारीत त्याला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

आमच्याकडे तरण्या माणसाचं मरण उगाच येत नाही. कुणीतरी त्याचा जीव खाल्लेला असतो. लोक काय बोलत होते ते माझ्या कानावर सकाळीच आलं. चार पोरं गिळली, नवरा गिळला, आता भावाचा वंश. नाहीतर एवढ्या लढाईत ही म्हातारी एकटीच कशी जगली?

मेलेल्याला पुरण्याआधी विचारायची रीत आहे. मिशनचे लोक नको म्हणतात, तरी आहे. प्रेत कापडात गुंडाळून दांड्याला बांधायचं, दोघांनी खांद्यावर घ्यायचं, आणि जाणत्यानं समोर उभं राहून विचारायचं. दांडा पुढे सरकला तर हो. मागे सरकला तर नाही. हो आलं असतं तर ना-लुसाटीला त्याच दिवशी गाव सोडावं लागलं असतं. साठी उलटलेली बाई, बाहेर तिचं कुणी उरलं नव्हतं.

बापाच्या जागी मी होतो, म्हणून पुढचं टोक माझ्या खांद्यावर आलं. मागचं सान्दुंबोनं घेतलं. तो मधमाश्या पाळायचा, अंगानं दांडगा होता. रात्रभर पाऊस पडून अंगणात लाल चिखल झाला होता.

जाणते चिटुलाबाबा समोर उभे राहिले.

"आडेलिनो, तुला देवानं बोलावलं का?"

दांडा हलला नाही.

"घरातल्या माणसानं तुला खाल्लं का?"

तेव्हाही हलला नाही.

"रागावलाय," बायकांतून कुणीतरी म्हणालं. "बोलायला जीव शिल्लक ठेवलाय कुठं आत्यानं!"

ना-लुसाटी भिंतीला टेकून उभी होती. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी तेव्हा गप्प राहायला हवं होतं. पण मला वाटलं, हे इथंच मोडावं आणि पोराला मातीत ठेवावं. मी म्हणालो, "बाबा, त्याला तुमचं कळतच नाहीये. जिवंतपणी मीठ हवं असलं तर बोट दाखवायचा."

लोक हसले. मयतीला आलेले लोक, पण हसले.

"मेलेल्याला सगळ्या भाषा येतात," चिटुलाबाबा म्हणाले.

"कोण परत येऊन सांगून गेलं तुम्हाला?"

"काय ते लवकर ठरवा," मागून सान्दुंबो म्हणाला. "हा जड होत चाललाय."

चिटुलाबाबांनी इकडेतिकडे पाहिलं. गर्दीत शाळेच्या डेल्फिनाबाई होत्या. "बाई, पुढे या. तुमच्या भाषेत विचारा त्याला."

"माझी नाही हो ती. पगाराची आहे," बाई म्हणाल्या. पण आल्या. पोर्तुगीजमध्ये विचारणारं कुणी तिथं असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांनी विचारलं ते अगदी हळू, वर्गात घाबरलेल्या मुलाला विचारावं तसं. आडेलिनो, तुझ्या आत्यानं तुला काही केलं का?

आणि दांडा पुढे आला.

धक्का नव्हता तो. वासरू पाठीला कपाळ लावून रेटतं ना, तसं होतं. मऊ, पण थांबत नव्हतं. मी टाचा रोवल्या. दोन्ही हातांनी दांडा धरला आणि सगळा जीव लावून मागे रेटला. माझा एक पाय मागे गेला, मग दुसरा गेला.

"नाही! नाही म्हणाला!" लोक ओरडले. पहिला बहुतेक मीच ओरडलो असेन.

चिटुलाबाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "नाही." दुपारच्या आत आम्ही त्याला पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ना-लुसाटी माझ्या दारात आली.

"पुढे तू होतास. कुठे सरकला?"

"मागे. सगळ्यांनी बघितलं की."

"मी अंगणात जाऊन आले. तुझ्या टाचांचे खड्डे आहेत तिथं, पाणी साचलंय त्यात. नुसतं मागे जाणाऱ्याची टाच एवढी रुतत नाही, सा-वायेका."

"ताई, चिखल होता."

"खाणाऱ्याला स्वतःला माहीत नसतं म्हणतात. झोपेत होतं सगळं. मग माझं मला कळणार कसं? तुझ्या खांद्यालाच माहीत."

"मागे," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

गावानं तिला काढलं नाही. पण त्या दिवसापासून तिनं कुठल्या पोराला आपल्या हातचं खाऊ दिलं नाही. वायेकाची जुळी, होसी आणि जांबा, तिनं एकदाही मांडीवर घेतली नाहीत. दारातून बघायची. "लांबूनच गोड दिसतात गं," म्हणायची. वायेका रुसायची.

संध्याकाळी मी तिच्या घरामागून यायचो तेव्हा आतून आवाज यायचा. "ओंडालू." मग ती गप्प. कुणीतरी तो शब्द परत म्हणावा एवढा वेळ गप्प. मग "हं," आणि पुढचा शब्द. एकदा मी भिंतीशी थांबलो. वाटलं, त्या रिकाम्या जागेत आपणच म्हणावं. म्हटलं नाही. तिचं "हं" मात्र वेळेवर आलं.

वर्षानं सान्दुंबो झाडावरची मधाची मोहोळं उतरवत होता, तिथं मी त्याला विचारलं. "त्या दिवशी मागून तू ढकललंस का रे?"

तो शिडीवरच थांबला. "मी? मला वाटलं तू पुढून ओढतोयस. मी तर मागे खेचत होतो."

"मागे?"

"मग? लढाईत तिच्या हातची पेज पिऊन जगलोय मी. तिला घालवू होय?"

दोघंही मागे ओढत होतो. तरीही माझ्या टाचा तेवढ्या रुतल्या होत्या.

दर पाऊसकाळात ना-लुसाटी मला एकदा विचारायची आणि मी मागेच म्हणायचो. ती गेली तेव्हा चिटुलाबाबांचे लोक दांडा घेऊन आले होते. मी दारात आडवा उभा राहिलो. तिला आम्ही चटईत गुंडाळून हातांवरच नेलं. कुणी काही विचारलं नाही.

आडेलिनो २००५ सालच्या फेब्रुवारीत मेला. माझी बहीण ना-लुसाटी २०११ सालच्या जून महिन्यात, थंडीत, आपल्या स्वतःच्या घरात मेली.