फळीवरची बॅटरी

भाईंदरजवळच्या राई गावात आमच्या बिल्डिंगीला कंपाउंड नाही. होईल होईल म्हणत बिल्डर दुसरीकडं तीन बिल्डिंगी बांधून मोकळा झाला. त्यामुळं गाड्या उभ्या राहतात त्या समोरच्या मोकळ्या जागेत, खाडीच्या अंगाला, आणि चोरांना ते चांगलं ठाऊक आहे. अख्खी गाडी कुणी नेत नाही. बॅटरी आणि स्टेपनी तेवढी नेतात. हातात पाना असला की दहा मिनिटांचं काम.

२००९च्या पावसाळ्यात माझ्या दिराच्या, निकेतच्या टेम्पोची दोन्ही गेली. माझा नवरा सदू आणि निकेत हे सख्खे भाऊ, दोघंही छोटा हत्ती चालवतात. आमचा सेकंडहँड, गंजानं पत्रा खाल्लेला. निकेतचा कोरा करकरीत, बायकोच्या पगाराच्या स्लिपवर लोन काढून घेतलेला. ती स्वाती, माझी धाकटी जाऊ. भाईंदर पश्चिमेला एका पतपेढीत कॉम्प्युटरवर बसते. आम्ही तळमजल्यावर, ती दोघं तिसऱ्यावर, आणि लिफ्ट नाही.

चोरी झाली त्या सकाळी निकेत गाडीला टेकून रडवेला उभा होता. आमचे हे बनियनवरच धावले. स्वतःची गाडी पुसायला ज्या माणसाला फडकं सापडत नाही, त्यानं चार दिवस धंदा बुडवून भावाच्या गाडीचा बंदोबस्त केला. वेल्डिंगवाल्याकडून बॅटरीला लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा करून घेतला, स्टेपनीला साखळी लावली, साखळीला माझ्या मुठीएवढं कुलूप. निकेतनं नवी बॅटरी नि नवी स्टेपनी आणून बसवली तरी ह्यांचा जीव खाली पडेना.

"कुलूप काय रे, कापतात," हे म्हणाले. "रोज संध्याकाळी काढायची नि आमच्याकडं आणून ठेवायची. स्टेपनीपण. तिसऱ्या माळ्यावर कुठं चढवत बसतोस!"

"वहिनीला अडचण होईल," निकेत म्हणाला.

"तिला कसली अडचण?"

मी तिथंच उभी होते. मला कुणी विचारलं नाही.

घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, अशातली गत. एक खोली नि स्वयंपाकघर एवढं आमचं घर. त्यात दोन स्टेपन्या खिडकीच्या गजांना साखळीनं बांधलेल्या आणि दाराआड दोन बॅटऱ्या. निकेतच्या स्टेपनीचे काटे बोटाला टोचायचे, आमची सासऱ्यांच्या डोक्यासारखी गुळगुळीत. बरं, तेही चालवून घेतलं असतं. पण पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी कुठूनशी एक फळी शोधून आणली, पुसली, दाराआड ठेवली, आणि निकेतची बॅटरी अलगद तिच्यावर बसवली.

"फळी कशाला?" मी विचारलं.

"लादीवर ठेवली तर उतरते गो. नवी आहे."

"आणि आपली?"

"आपली काय, जुनीच आहे."

आपली लादीवर. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं. कपडे वाळत घालताना, केर काढताना, दार उघडताना, मिटताना ती बॅटरी पाटावर बसलेल्या जावयासारखी माझ्याकडं बघायची. निकेतला ह्यांनीच मुंबईला आणलं, ह्यांनीच गाडी शिकवली, हे सगळं मला मान्य. पण माझं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती आणि त्या पंधरा वर्षांत ह्यांनी माझ्याखाली कधी फळी सरकवली नव्हती. मी जळत होते. बॅटरीवर जळत होते, हे सांगायची लाज वाटते, पण जळत होते.

त्यात आमची बॅटरी खरोखरच संपत आली होती. सकाळी हे चावी फिरवायचे, गाडी खोकल्यासारखा आवाज करायची आणि गप्प व्हायची. मग ढकलायची कुणी? मी. पदर खोचून, पाठीमागनं जोर लावून, चिखलातनं. गॅलऱ्यांतनं अख्खी बिल्डिंग दात घासत बघायची. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत स्वाती चहाचा कप घेऊन उभी असायची.

"वहिनी, थांबा, तुम्ही नका ढकलू, ह्यांना पाठवते खाली," ती वरनं ओरडायची.

ती हसली असती तर बरं झालं असतं. हसणाऱ्या माणसाला शिव्या घालता येतात. ती चांगुलपणानं बोलायची नि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची. निकेत येईपर्यंत मी गाडी ढकलून मोकळी झालेली असायचे.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्यात गाडी, पाने, जॅक, सगळं धुऊन पुजतात. बॅटऱ्या नि स्टेपन्याही पुजल्या जातात, आणि त्यांच्यावर नवीन नावं घातली जातात. नाव घातलेला माल भंगारवाला घ्यायला कचरतो, म्हणून ऑइलपेंटनं ठळक घालायची. हे काम दरवर्षी माझं. मी सातवीपर्यंत शिकले आणि माझं अक्षर वळणदार आहे. ह्यांना सहीपुरतं येतं, तीही चित्र काढल्यासारखी बघून बघून. दोन बॅटऱ्यांतली निकेतची कुठली हे वरच्या नावा-खुणेवरनंच कळायचं. एकाच कंपनीच्या होत्या, एकाच मापाच्या, दोन्ही काळ्या.

दुपारी दोघं भाऊ गाड्या धूत होते. मी मोरीत बसून सोड्याच्या गरम पाण्यानं दोन्ही बॅटऱ्या घासल्या. आमच्यावरचं जुनं नाव रॉकेलनं पुसलं. निकेतच्या नवीवर हे घाईत खडूनं नुसती फुली मारून ठेवायचे, तीही पुसली. पुसून शेजारी शेजारी ठेवल्या तर मलाच क्षणभर ओळखू येईनात. ब्रश बुडवला. दगा द्यायचा असं ठरवून काही मी बसले नव्हते. वरनं स्वातीचं हसणं ऐकू आलं, कुणाशी तरी फोनवर बोलत होती. नव्या बॅटरीवर मी लिहिलं, सदू. जुनीवर लिहिलं, निकेत. दोन्ही नावांना खाली छान रेघ मारली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि जुनीला उचलून फळीवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी चावी फिरवली. पहिल्या सेल्फला गाडी चालू. हे क्षणभर स्टेअरिंगवर हात ठेवून तसेच बसले. मी दारात उभी होते, पदर खोचलेला.

"पूजा पावली गो," हे म्हणाले आणि गाडी काढून गेले.

त्या संध्याकाळी येताना ह्यांनी दुसरी फळी आणली. आपलीही बॅटरी फळीवर ठेवायला लागले. मला केवढं बरं वाटलं! म्हटलं, उशिरा का होईना, ह्या माणसाला स्वतःच्या घराची किंमत कळली.

पुढचे दोन महिने मी सुखात काढले. सकाळी न्हाऊन, वेणी घालून दारात उभी राहायचे आणि ह्यांना हात दाखवायचे. स्वातीला वाटीभर सुकटीची चटणी पाठवायचे, तिच्या ऑफिसची चौकशी करायचे. माणसाला हवं ते मिळालं की तो किती गोड वागतो, ते मी माझ्यावरनं शिकले. निकेतची गाडी सकाळी जरा अडायला लागली तेव्हा ह्यांनी इंजिन-बिंजिन बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "थंडी पडलीय रे." आणि त्याच्याकडं न बघता हात पुसत घरात आले.

डिसेंबरात निकेत पहाटेची खेप भरायला समुद्रकाठच्या चौक गावाला गेला. एका म्हावऱ्याच्या, मासळीच्या व्यापाऱ्याची रोजची खेप त्याच्याकडं होती, त्याच्या धंद्याचा सगळा भार त्या खेपेवर. गाडी भरली, बर्फ टाकला, आणि सेल्फ लागेना. चार जणांनी ढकलली तरी वाळूत चाक हलेना. शेवटी माल दुसऱ्या टेम्पोत चढवला. व्यापारी म्हणाला, "बाजार थांबत न्हाय रं बाबा," आणि दुसऱ्या दिवसापासून खेप त्या दुसऱ्यालाच दिली.

हे ऐकलं तेव्हा मला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आत कुठंतरी टाळी वाजली. मग निकेत घरात आला आणि चपलाही न काढता उंबऱ्यावर बसला, तेव्हा ती टाळी थांबली. मी फक्त ढकलणं त्याच्या गळ्यात घातलं होतं. त्याची रोजीरोटी काढून घ्यायची असं काही माझ्या मनात नव्हतं.

"बॅटरीला सहा महिनेपण झाले नाहीत," स्वाती म्हणाली. "वॉरंटी आहे. माझ्याकडं कार्ड आहे, मी येते दुकानात."

त्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली. दोघं रिक्षात बॅटरी घालून भाईंदरला गेली. मी दुपारभर तांदूळ निवडत बसले. सुपातले तेच तांदूळ तीनदा निवडले. बॅटरीला अंगावर कोरलेला नंबर असतो आणि तो कार्डावर लिहून देतात, हे मला कुठं माहीत! मी फक्त आमची नावं बघितली होती.

संध्याकाळी ती दोघं परत आली तेव्हा हे नुकतेच आपली बॅटरी काढून आत आणत होते. निकेतनं त्याची लादीवर ठेवली.

"दुकानवाला हसला," निकेत म्हणाला. "बोलला, 'ये तो चार साल पुरानी है भाई, कार्ड दूसरे का लाये हो.' मी भांडलो त्याच्याशी, दादा. चार माणसांत भांडलो."

स्वाती खाली बसली आणि सदू लिहिलेल्या बॅटरीवरचं वाळलेलं हळदकुंकू नखानं खरवडलं. मग कार्डावरचा नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेली आणि बोट बॅटरीवरनं फिरवत गेली. शेवटच्या आकड्याला तिनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं नाही. त्या अक्षरांकडं बघितलं, खालच्या रेघेकडं बघितलं.

"मी केलं," हे म्हणाले.

"दादा, तू?"

"मीच. माझी उतरत होती. रोज लाज वाटायची. बदलली."

"आणि नावं?" स्वातीनं विचारलं.

ज्या माणसाला गॅसच्या पावतीवर सही करायलाही मी शेजारी बसावी लागते, तो दोन नावं रंगवणार कशी? खोलीत आम्ही चौघंच होतो आणि चौघांनाही ते ठाऊक होतं. निकेतनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडायला हवं होतं. वहिनी म्हणून, बाई म्हणून, नुसतं माणूस म्हणून तरी. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले.

"बरं," निकेत म्हणाला. त्यानं वाकून त्याची नवी बॅटरी उचलली. "आजपासून वरच ठेवीन. स्टेपनी नंतर नेतो."

हे सवयीनं दुसरी बाजू धरायला पुढं झाले.

"राहू दे, दादा. नेतो मी."

तो जिना चढायला लागला. मागनं स्वाती. दुसऱ्या मजल्यावर तो दम घ्यायला थांबला, मग परत पावलं वाजायला लागली. वरचं दार लागेपर्यंत हे आमच्या दारात उभे होते. मग आत येऊन भिंतीला टेकून बसले.

"का घेतलंत अंगावर?" मी विचारलं.

"दसऱ्याला चावी फिरवली तेव्हाच कळलं मला," हे म्हणाले. "ड्रायव्हर आहे गो मी. आपली बॅटरी मला आवाजावरनं कळते."

"मग बोलला का नाहीत?"

"रोज सकाळी वाटायचं, आज सांगू त्याला. पण सांगायचं म्हणजे तुला त्याच्यापुढं उभी करायला लागली असती." ह्यांनी दोन्ही हात तोंडावरनं फिरवले. "ते काय जमलं नाही. आणि त्याची खेप गेली."

पंधरा वर्षं मी एकाच गोष्टीसाठी जळत होते, की भाऊ नि बायको यांत ह्यांनी एकदा तरी मला धरावं. दोन महिने ह्यांनी मलाच धरलं होतं, रोज सकाळी, भावाच्या तोंडाकडं न बघता. मला जवळ जाऊन बसायचं होतं, पण पाय उचलेना. वर काहीतरी जड लादीवरनं सरकवल्याचा आवाज झाला, आणि हे मान वर करून तो ऐकत बसले.