तीन नंबरच्या टर्मिनलवरचा गेनू

खंडेनवमीला कारखान्याचं फाटक कामगारांच्या बायकामुलांसाठी उघडायचं. यंत्रांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा, सगळी बटणं बंद, आणि दिवसभर कुणी यंत्राला हात लावायचा नाही. १९८२ सालीही रीत तीच होती. फक्त त्या वर्षी गर्दी पत्रा दाबणाऱ्या प्रेसजवळ नव्हती. ती स्टोअर्समध्ये दाटली होती, कारण तिथं मेलेला माणूस बोलणार अशी बातमी होती.

टेबलावर कॉम्प्युटरचं तीन नंबरचं टर्मिनल होतं. दिसायला टाइपरायटरसारखं, मागे कागदाची गुंडाळी. यंत्रांत त्याची गणती कुणी केलीच नव्हती, म्हणून ते बंद करायचं राहिलं होतं. त्याचा हिरवा दिवा धुपाच्या धुरात मिणमिणत होता. आबाजी देवऋष्यानं घंटा वाजवली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कुणाचा हात न लागता टर्मिनल खडखडू लागलं.

रतनबाईनं अरुंधतीबाईंचं मनगट घट्ट धरलं. तिचा नवरा गेनू श्रावणात प्रेसखाली सापडून गेला होता. अरुंधतीबाई कुरुळीच्या शाळेत विज्ञान शिकवत. शेजारीण म्हणून त्या आज तिच्यासोबत आल्या होत्या.

आबाजीनं कागद फाडला आणि वरची दोन बोटं रुंदीची पट्टी धुपाटण्यात टाकली. "पहिला घास अग्नीचा, उरलं ते मानसांचं. वाच रं हरिहर."

खरेदी खात्याचा कारकून हरिहर इंग्रजी अक्षरांतलं मराठी अडखळत वाचू लागला. "रतन, चूक माझी. जाळी मीच काढली. अंगठा दे. नाहीतर पोराला घेऊन जाईन."

"सगळी बटनं बंद हायती, तरी बोलतोय," आबाजी म्हणाला. "पिशाच लोखंडावर बसतं, तांब्यातनं पळतं, कागदावर उतरतं. हितं इंजिनियरबी हात टेकत्यात."

तांब्यातनं पळतं, एवढं मात्र त्याच्या तोंडून चुकून खरं निघालं होतं; केबलीच्या आत तांब्याचीच तार असते.

टेबलावर रतनबाईच्या अंगठ्यासाठी दुसरा एक कागद तयार होता. हात वाचवणारी जाळी गेनूनं स्वतः काढली, माझी तक्रार नाही, असा. दसऱ्यानंतर चौकशीचे साहेब यायचे होते. जाळी काढायला लावली होती सुपरवायझर जयसिंगनं, माल जास्त निघावा म्हणून. गेनूनं घरी तसं सांगितलंही होतं.

"बाई, मी देते अंगठा," रतनबाई कुजबुजली. तिचा अंगठा शाईनं निळा झाला होता. "पोरापुढं मला काय बी नगं."

"दे, पण दहा मिनिटांनी."

अरुंधतीबाई टर्मिनलच्या मागे वाकल्या. दोन केबली निघाल्या होत्या. एक भिंतीतल्या प्लगमध्ये गेली होती. दुसरी, करडी, एका पत्र्याच्या पेटीत. पेटीत तशा आठ केबली आणि प्रत्येकीवर नंबराची चिकटपट्टी.

"हरिहर, ही पेटी कसली?"

"सगळ्या टर्मिनलच्या केबली इथं येतात, बाई. इथून एक जाड केबल कॉम्प्युटरच्या खोलीत जाते. ती खोली खंडेनवमीलाही चालू असते."

"एका टर्मिनलवर टाइप केलेलं दुसऱ्यावर उमटतं?"

हरिहर आवाज उतरवून म्हणाला, "नंबर सांगितला तर उमटतं."

"मग तीन आणि चारच्या केबलींची अदलाबदल कर."

"बाई, मलाबी लेकरं आहेत हो."

"स्क्रू कुठले ते दाखव. मी बदलते."

आबाजी नवा धूप घालत होता तेवढ्यात त्यांनी तीनची केबल चारच्या जागी आणि चारची तीनच्या जागी बसवली. पोराचं नाव निघालं की विज्ञान शिकवणाऱ्या बाईलाही भीती वाटतेच.

"आबाजी, पुन्हा बोलवा त्याला. रतनबाईला खात्री हवीय."

घंटा वाजली. तीन नंबर गप्प. आणि लाकडी आडोशापलीकडे, खरेदी खात्याच्या रिकाम्या खोलीत, चार नंबर खडखडू लागलं. गर्दी भिंतीला टेकली. एक पोर रडायला लागलं.

"भूत सरकलं," आबाजी घाईनं म्हणाला आणि पलीकडे धावला. अरुंधतीबाई त्याच्या आधी पोचल्या होत्या.

"हा घास अग्नीला नको. मी वाचते." पहिलीच ओळ होती: टर्मिनल सातकडून, टर्मिनल तीनसाठी. खाली तीच धमकी.

"सात कुठं आहे?"

"प्रेस सुपरवायझरच्या केबिनमध्ये," हरिहर म्हणाला. "इथली घंटा तिथवर ऐकू जाते."

प्रेसवरचा म्हातारा दत्तोबा काही न बोलता बाहेर पडला. परतला तेव्हा त्यानं जयसिंगचा दंड पकडला होता.

"कळा दाबत बसलं होतं हे भूत," दत्तोबा म्हणाला. "चहाबी घेत होतं."

अरुंधतीबाई पोरांसमोर खाली बसल्या. "पोस्टात पत्रं वेगळी करताना पाहिलंय ना? पत्ता वाचायचा आणि त्या कप्प्यात टाकायचं. कॉम्प्युटर तेच करतो. त्याचा पत्ता म्हणजे केबलीचा नंबर. आत्ता मी दोन कप्पे बदलले, म्हणून पत्र शेजारच्या खोलीत गेलं. खरंच गेनूकाका असते, तर आपली बायको कुठं उभी आहे हे त्यांना दिसलं नसतं का?"

एक पोर चार नंबरच्या मागे वाकून केबल बघू लागलं. तिकडे बघत अरुंधतीबाई पुढे बोलल्या.

"भीती वाटली तर वाटू दे. मलाही वाटली. पण कुणी भीती दाखवून काही करायला लावत असेल, तर आधी वायर कुठं जाते ते बघायचं. वायरीच्या टोकाला माणूस असतो. आणि माणसाला प्रश्न विचारता येतात."

रतनबाईनं निळा अंगठा पदराला पुसला आणि ती जयसिंगसमोर जाऊन उभी राहिली.

"जाळी कुनी काढायला लावली?"

जयसिंग दत्तोबाच्या हातातून दंड सोडवू लागला.

"आज नगं बोलू," ती म्हणाली. "चौकशीला साहेब येतील तवा सांग. मी तितं बसलेली आसंन."